एकही गोळी न सुटलेला भाग

मित्रांनो, सैनिकांवरच्या त्या युद्धमालिकेचा कालचा भाग पाहिलात? आज सकाळी महाळुंग्याला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये त्यावरून चांगलीच जुंपली.

"काय राव, अख्खा भाग जवान बंकरमध्ये मोजे वाळवत बसले. एक गोळी सुटली नाही!" मागून शिंदे ओरडला.

"पाणी घालतायत भावा," इरफानभाई म्हणाले.

मी गप्प बसणाऱ्यांतला नाही. युद्धाची मालिका असेल तर युद्ध दिसलंच पाहिजे, प्रेक्षकाला झोपवणं हा जवानांचाही अपमान आहे, असं भाषणच ठोकलं. टाळ्याही पडल्या.

पुढच्या सीटवर कंपनीत आमच्याच लाइनवर काम करणाऱ्या सुनीताताई होत्या. त्यांचे मिस्टर फौजेत आहेत, सध्या सीमेवर. त्या हसत मागे वळल्या.

"मला तर कालचाच भाग आवडला, भाऊ. गोळीबार सुरू झाला की आमच्या सासूबाई उठून आत जातात. काल पहिल्यांदा शेवटपर्यंत बसल्या. टीव्हीसमोर पोटभर जेवल्यासुद्धा."

माझं मत मी अजून सोडलेलं नाही. पण आजच्या भागात मोठी लढाई आहे म्हणे, आणि मला सकाळपासून वाटतंय की आजही जवानांनी मोजेच वाळवावेत.

तुम्हाला काय बघायचंय?