चौथा ठोकळा

लहानपणी घरातलं घड्याळ उघडून आत काय टिकटिकतं ते तिने पाहिलं, तेव्हापासून दादा तिला चोंबडी म्हणायचा. पुढे चोंबडीला स्वभावाजोगं कामही मिळालं. इस्पितळाच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती चोवीस वर्षं टेक्निशियन होती. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचे तुकडे मेणात बसवायचे, त्या ठोकळ्यांचे कागदाहून पातळ काप काढायचे, काचेवर चढवून रंगवायचे, की तिचं काम संपलं. पुढचं बघणं डॉक्टरीणबाईंचं. पण काम संपलं म्हणून गप्प बसेल ती चोंबडी कसली? प्रत्येक स्लाइड ती कोपऱ्यातल्या जुन्या मायक्रोस्कोपखाली घालून बघायचीच.

या खेपेला ठोकळे दादाच्या जिभेचे होते. दादा शिंपी. गाठ लहान, कडा स्वच्छ, मज्जातंतूत शिरकाव दिसला नाही, असा रिपोर्ट आला आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. रेडिएशन नको, असं सर्जन म्हणाले. दादाला अजून नीट बोलता येत नव्हतं. त्याने पाटीवर लिहिलं, 'सोमवारी दुकान उघडतो.'

तिला मात्र चैन पडेना. सुईत ओवण्याआधी दोरा जिभेवर ओला करायची दादाची सवय. ऑपरेशनच्या आधी महिनाभर तो कुरकुरत होता, "डाव्या बाजूला दोरा लागलेला कळतच नाही गं." गाठ एवढीशी आणि बधिरपणा एवढा, हे कसं? कॅन्सरच्या पेशी कधी कधी मज्जातंतूला विळखा घालून त्याच्याच वाटेने पुढे सरकतात, आणि तसं असलं तर दुखणं उलटायची भीती जास्त, एवढं तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून तिने दादाचे सहाही ठोकळे खिडकीशी धरले. डॉक्टरीणबाई तुकड्याच्या पाठीला काळी शाई लावून देत. शाईची बाजू सोडून दुसरी कापायची, हा लॅबचा नेम. चौथ्या ठोकळ्यात शाईचा पुसट डाग कापलेल्या तोंडावरच होता. भावाचा तुकडा मेणात ठेवताना तिने नजर वळवली होती, तेव्हाच तो उलटा बसला असणार. जे बघायचं ते तळाशीच राहिलं होतं.

"मॅडम, चौथा ठोकळा मी उलटा बसवलाय."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "तुम्ही?"

"मीच."

"आणि माझ्याही नजरेतून सुटलं," त्या म्हणाल्या. "वितळवा. परत करा."

दोन तासांत स्लाइड तयार झाली. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच ती जुन्या मायक्रोस्कोपकडे फिरकली नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच हाक मारली, "या, बघा."

मधोमध फिकट गुलाबी मज्जातंतू, आणि त्याच्याभोवती जांभळ्या पेशींचं कडं. तिला ते आधी सुबक वाटलं, आणि मग त्याची लाज वाटली.

संध्याकाळी ती दादाच्या दुकानावर गेली. सोमवारच्या तयारीला तो शिलाई मशीनला तेल घालत होता. काही हातचं न राखता तिने सगळं सांगितलं. रेडिएशन घ्यावं लागेल, तोंड कोरडं पडेल, आणि तुकडा आपल्याच हातून उलटा बसला होता, तेही. दादाने तेलाची बुधली बाजूला ठेवली. मग त्याने लिहिलं, 'दिसतं कसं?'

तिने पाटीवर काढून दाखवलं. चोंबडेपणात भाऊही काही कमी नव्हता. पाटी जवळ घेऊन, लांब धरून त्याने चित्र बघितलं आणि खाली लिहिलं, 'काज शिवल्यासारखं.' मग पाटी पुसून, 'बाही उलटी लागली तर उसवतोच की.'

एवढं लिहून त्याने सुई आणि दोरा तिच्यापुढे धरला. आजवर त्याने आपली सुई कुणाला ओवू दिली नव्हती. तिने दोरा जिभेवर धरला. तो लागलेला तिला लख्ख कळला, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.