उजेडाचा कीबोर्ड

दादाने पुण्याहून आणलेली ती काडेपेटीएवढी डबी मी अजून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आहे. फेकून द्यावी असं रोज वाटतं आणि रोज मी ती तिथेच राहू देते.

डबी टेबलावर ठेवायची, मोबाइलला जोडायची, की टेबलावर लाल उजेडाची अक्षरं पडतात. त्या उजेडावर बोटं आपटायची. प्रत्येक टिचकीला डबी टक् असा आवाज करते, बरोबर लागो की चूक. दिवाळीत दारव्ह्याला घरी आला तेव्हा दादाने अर्धी गल्ली गोळा करून हा खेळ दाखवला. "बाबा, ते वायरीचं धूड फेका आता," म्हणाला, आणि बाबांचा कीबोर्ड कोणालाही न विचारता भंगारवाल्याला देऊन मोकळा झाला. चार दिवसांसाठी यायचं, घरात आपली अक्कल पाजळायची आणि निघून जायचं, हे त्याचं नेहमीचंच.

बाबा यवतमाळच्या कचेरीत टंकलेखक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरी टायपिंगचे वर्ग घेतले. मुलांच्या हातांवर रुमाल टाकायचे. कळांकडे पाहिलं की ओरडा ठरलेला. वर्ग बंद पडले तरी मोबाइलला कीबोर्ड जोडून ते गल्लीतल्या लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे. झालं की मला हाक यायची, "वाच, मोठ्यानं." मी वाचायचे, ते ऐकून चुका सांगायचे. कचेरीतली सवय, दुसरं काय. या कामावर त्यांचा सगळा दिवस उभा होता.

आणि त्या माणसापुढे ही डबी! ओसरीत टेबल मांडलं तर उन्हात एक अक्षर दिसेना. आत मांडलं तर रेक्झिनच्या चकचकीत कापडावर डबी कुठलंही बोट कुठेही मोजायची. टायपिंग शिकलेल्या माणसाची बोटं कळांवर टेकलेली असतात. इथे बोट टेकलं की अक्षर उमटलंच. ज्याने हे बनवलं त्याने जन्मात एक पान तरी टाइप केलं होतं का? मी आदळआपट केली की बाबा म्हणायचे, "जमून राह्यलं मले. तू कायले तापून राह्यली?"

मग शेजारच्या बाई आल्या. त्या अंगणवाडीत मदतनीस आहेत. मुलीला यवतमाळच्या वसतिगृहात जागा हवी होती, त्यासाठी अर्ज. बाबा आतल्या खोलीत बसले. टक् टक् टक्, आवाज अगदी भरभर येत होता. मला शाळेत शिकवायला जायचं होतं, जीप गाठायची होती. "वाच," बाबांनी हाक मारली. "तुमचं कधी चुकतं का बाबा?" म्हणत मी अर्ज न वाचताच मोबाइलवरून झेरॉक्सच्या दुकानात छापायला पाठवून दिला.

संध्याकाळी बाई कागद घेऊन दारात. "काका, हे काय लिहून देल्लं? साहेब हासले अन् वापस देल्ला. उद्या शेवटचा दिवस हाये, माह्या पोरीचं कसं होईन?"

कागदावर एक शब्द लागत नव्हता. अक्षरांची नुसती रांग, पानभर. मी तिथल्या तिथे हाताने अर्ज लिहून त्यांना दिला आणि दादाला फोन लावला. त्याचं हॅलो पुरं व्हायच्या आत सुरू झाले. तुझी हौस, तुझी डबी, तुझं पुणं, सगळं काढलं.

"त्याले नको बोलू," बाबा मागून म्हणाले. "डबीचं काही नाही. मले दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"मागच्या उन्हाळ्यापासून नीट काहीच नाही. जुन्या कीबोर्डच्या दोन कळांवर उंचवटे होते, बोटाले सापडत होते. पुढचं हाताले पाठ हाये. इथं हात फिरवला का नुसतं टेबल लागते."

फोनवर दादा अजून होताच. माझ्याकडे त्याच्यासाठी अजून बऱ्याच शिव्या होत्या, पण मी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी अर्ज वेळेत दिला, मुलीला पुढे जागाही मिळाली. मी रजा टाकून बाबांना यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बराच वेळ तपासलं. गेलेली नजर आता परत यायची नाही, आहे ती टिकवू, म्हणाले. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"एवढे दिवस कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? यांच्यासोबत घरात कोण राहतं?"

"मी," मी म्हणाले.