कोंडवाड्याच्या गजांतून धार

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कॉलेजात होते. कसबा बावड्यातली आमची नुकतीच व्यालेली म्हैस नदीवरून परतताना कळपातून फुटली आणि कोंडवाड्यात गेली. वडील दंड भरून तिला सोडवायला गेले, ते हात हलवत परत आले. कोंडवाड्यासाठी नवे नियम होऊ घातले होते. जनावर जुन्या नियमाने सोडायचं की नव्या, हे कोंडवाड्याच्या साहेबांचं ठरत नव्हतं, म्हणून सोडणंच बंद.

नव्या नियमांचा मसुदा वाईट नव्हता, हे मान्य करते. सावली, पाणी, डॉक्टर, सगळं त्यात होतं. पण दुभत्या जनावराची धार कर्मचाऱ्याने काढावी, मालकाने आत पाऊल टाकू नये, असंही होतं. अहो, रेडकू समोर नसलं तर आमची म्हैस आईलासुद्धा पान्हा सोडत नसे, तिथे परक्या माणसाचं काय! शिवाय तो कर्मचारी अजून नेमायचाच होता. तोवर कास तटतटून सडं बाद झाली, तर म्हैस गेल्यातच जमा. इकडे रेडकू उपाशी. माझं डोकं फिरलं.

संध्याकाळी आईने चरवी घेतली, मी रेडकाचं दावं धरलं. फाटकावरच्या राखणदाराने आत जायला मनाई असल्याचं सांगितलं. आत जातंय कोण, असं म्हणत आई बाजूच्या गजांपाशी गेली. रेडकू ओरडलं तशी म्हैस धावत आली आणि गजांना अंग लावून उभी राहिली. रेडकाने गजांतून तोंड घातलं, म्हैस पान्हावली. आईने खालच्या फटीतून चरवी आत सरकवली, रस्त्यावरच बसली आणि गजांतून हात घालून धार काढायला लागली.

"मावशी, नियम मोडाय लागलाय तुमी," राखणदार म्हणाला.

"आजून झालाय कुठं? झाल्यावर मोडू की."

शेवटी जुन्याच नियमाने म्हैस सुटली, तोवर आम्ही दोन्ही वेळा जात राहिलो. आत अडकलेल्या इतर म्हशींच्या मालकिणीही रेडकं घेऊन येऊ लागल्या. रस्ता अडायचा, गाडीवाले बोंबलायचे. एकही बाई धार पुरी झाल्याशिवाय उठली नाही.

काही वर्षांनी ते नियम एकदाचे लागू झाले. मालकाला धार काढण्याची मुभा राहील, असं एक कलम त्यात घातलं होतं. मी ते गोठ्यात जाऊन आईला वाचून दाखवलं. तिचा हात थांबला नाही.

"मुभा मागितलीती कुणी?" ती म्हणाली.