युअर मॅन येणार होता

आयर्लंडमधल्या ड्रोहेडातल्या आमच्या भाड्याच्या घरातला बॉयलर बंद पडला, तेव्हा सासूबाई कोल्हापूरहून नुकत्याच आल्या होत्या. मी इथल्या हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर, त्यामुळे मला निदान ड्यूटीवर ऊब मिळायची. नवरा सॉफ्टवेअरमधला, घरूनच काम करणारा. दोन स्वेटर, कानटोपी आणि आईची शाल अशा थाटात तो मीटिंगांना बसायचा आणि कॅमेरा बंद ठेवायचा.

"घरमालकाला कळव," मी म्हटलं.

त्याने कळवलं. ईमेल अभिमानाने मला दाखवला. सुरुवातीला घराचं कौतुक, मग मालकाच्या तब्येतीची चौकशी, मग त्रास देत असल्याबद्दल क्षमा. पार तळाशी 'रेडिएटर अपेक्षेइतके गरम होत नाहीत' आणि त्याखाली 'अजिबात घाई नाही.'

"अपेक्षेइतके? अरे, हात लावला तर झिणझिण्या येतात!"

"हळू बोल. सध्या घरं कुठे मिळतायत? उद्या बाहेर काढलं तर?"

त्याची भीती खोटी नव्हती. हे घर बघायला आलो तेव्हा रांग फाटकाबाहेर गेली होती. त्या रांगेतून आमची निवड झाली, याचं त्याला नोकरी मिळाल्यापेक्षा जास्त अप्रूप होतं.

घाई नाही म्हटल्यावर मालकानेही ती केली नाही. बऱ्याच दिवसांनी एका शनिवारी तो आला. उमदा, गप्पिष्ट माणूस. त्याच्यावर रागावणं अवघड. बॉयलर स्वयंपाकघरातल्या कपाटात होता. त्याने कपाट उघडलं, बॉयलरला बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली, कान लावून ऐकलं आणि निदान केलं, "ग्रँड आहे, काही बिघडलेलं नाही. युअर मॅन येऊन बघून जाईल."

सासूबाई स्वेटरवर स्वेटर चढवून खुर्चीत बसल्या होत्या. "काय म्हणतोय त्यो?"

"तुमचा माणूस येईल म्हणतोय," नवऱ्याने शब्दशः सांगितलं. 'युअर मॅन' म्हणजे इथे 'तो अमका गृहस्थ', हे त्याला माहीत होतं. पण आईसमोर त्याची मराठी शाळकरी होते.

"आमचा मानूस? आमचा मानूस हितं कुठला आलाय? घर ह्येचं, बंब ह्येचा, मानूस आमचा व्हय? त्येला सांग, म्हशीच्या गोठ्यात बी ह्येच्यापरीस ऊब असती."

मालकाने उत्सुकतेने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा घसा खाकरून इंग्रजीत म्हणाला, "आईला तुमची बाग फार आवडली."

मालक खूश झाला. मग मी भाषांतर दुरुस्त केलं, गोठ्यासकट. तो मनापासून हसला. "आमच्या लहानपणी तर हीटिंगच नव्हतं. एखादा जाड स्वेटर घाला त्यांना," असा सल्ला देऊन, सासूबाईंनी केलेला गरम चहा दोनदा पिऊन तो गेला. चहा पिताना त्याने कोट काढला नव्हता, हे मी पाहून ठेवलं.

युअर मॅन आला नाही. आम्ही किटलीत पाणी तापवून अंघोळी करत राहिलो. सासूबाई मैत्रिणींना फोनवर सांगत, परदेशात लेकाचं लई झ्याक चाललंय, आता फकस्त इस्तव मिळायचा ऱ्हायलाय.

शेवटी वॉर्डातल्या एका आयरिश नर्सपुढे मी रडगाणं गायलं. ती चकितच झाली. "उपकार मागताय का तुम्ही? हीटिंग चालू ठेवणं त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. लेखी कळवा, मुदत द्या. नाही जमलं तर स्थानिक काउन्सिलला सांगा, त्यांचा माणूस येऊन तपासतो. आणि तक्रार केली म्हणून घराबाहेर काढता येत नाही."

दुसरा ईमेल मी लिहिला. त्यात तब्येतीची चौकशी नव्हती. उत्तर आलं, 'नो बॉदर', म्हणजे काही अडचण नाही. मी दिलेली मुदत उलटली, तरी बॉयलर थंडच. मग मी काउन्सिलला कळवलं. नवरा त्या संध्याकाळी फोनवर दुसरी घरं बघत होता.

काउन्सिलकडून एक बाई आल्या. त्यांनी प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरला हात लावला, टिपणं घेतली आणि सासूबाईंचे हात हातात घेऊन म्हणाल्या, "यांना किती दिवस असं बसवलंय?" इतके दिवस आम्ही दोघं घराला, मालकाच्या मनाला जपत होतो. त्या गार पडलेल्या बोटांकडे परक्या बाईने आधी पाहिलं.

त्यानंतर मालकाला काउन्सिलची नोटीस गेली आणि गॅसचा परवाना असलेला मेकॅनिक लगेचच दारात उभा राहिला. बॉयलर दुरुस्त होण्यापलीकडे गेला होता. त्याने नवा बसवला.

मालक बघायला आला. रेडिएटरवर हात ठेवून जरा दुखावल्या सुरात म्हणाला, "एवढं गार होतं, तर मला आधी सांगायचं ना!"

"सॉरी," नवरा म्हणाला.

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी विचारलं, "आता काय म्हणतोय?" या वेळी नवऱ्याने खरं भाषांतर केलं. त्यांनी एकदा मालकाकडे, एकदा लेकाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दोघं बी सारखंच हायसा." हे मात्र आम्ही कुणीच भाषांतरित केलं नाही.

आम्ही अजून त्याच घरात आहोत. परवा डब्लिनजवळच्या ब्लँचर्डस्टाउनला मराठी मंडळींच्या जेवणात एका नव्या जोडप्याने गार घराचं रडगाणं लावलं. नवऱ्याने ताट खाली ठेवलं, बाह्या सावरल्या आणि म्हणाला, "हे बघा, इथे घाबरून चालत नाही. आपले हक्क आपल्याला माहीत पाहिजेत."

सगळे भारावून ऐकत होते. मी आणखी एक पुरी घेतली.