तुटायचा पार्ट

बाजारामागच्या बोळात मिक्सर दुरुस्तीची दोन दुकानं आहेत, समोरासमोर, आणि दोघे मालक एकमेकांचे साडू. बायका सख्ख्या बहिणी. त्यामुळे भांडण घरातल्या घरात राहतं असं ज्याला वाटतं, त्याने एकदा त्या बोळातून चालून यावं.

अलीकडच्या मिस्त्रीला लोकांनी 'ओरिजिनल' नाव ठेवलं. ते कौतुकाने ठेवलंय असं त्याला पहिली चार वर्षं वाटत होतं. कंपनीचा नसलेला स्क्रूसुद्धा तो मेलेली पाल उचलावी तसा चिमट्याने उचलतो. समोर साडूकडे सगळं लोकल. स्वस्त, टणक आणि हसून दिलेलं. ओरिजिनलला त्यातलं हसणंच जास्त झोंबतं.

मिक्सरखाली कपलर नावाचं एक दातेरी रबरी चाक असतं. भांड्यात काही अडकलं की आधी ते तुटावं आणि मोटर वाचावी, म्हणून कंपनी ते मुद्दाम नरम ठेवते. शिवणकामवाल्या बाईंचं वर्षात तीनदा तुटलं. ओरिजिनलने समजावलं, की तुटणं हेच त्याचं काम. बाई म्हणाल्या, मग ते विकत कशाला घ्यायचं? आणि समोर जाऊन साडूकडचा टणक कपलर बसवून घेतला. ओरिजिनलने दोन दिवस बायकोशी अबोला धरला. बहीण तिची ना.

महिन्याभराने बाई परत आल्या त्या जळका वास मारणारा मिक्सर घेऊन. सुंठ अडकली, मोटर गेली. साडूचं म्हणणं, मोटर ओरिजिनलनेच आधी बिघडवून ठेवलेली. हे बाईंनी दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर ऐकवलं. वीस वर्षांत त्याच्या कामाला कुणी नावं ठेवली नव्हती. आता या चौघांसमोर हा डाग धुऊन काढणं भाग होतं.

त्याने मिक्सर उघडला. मोटरच्या तारा काळ्याठिक्कर, कपलर मात्र धडधाकट. त्याने तो फरशीवर ठेवला आणि हातोडा घेतला.

"बघा. हा मेला तुटत नाही, म्हणून मोटर जळते."

आणि हाणला. कपलर टुणकन उडाला, एक दाताही हलला नाही. दुसरा घाव जोरात. तिसरा थेट साडूच्या नावाने. कपलर कोपऱ्यात जाऊन शाबूत पडला.

एका गिऱ्हाइकाने तो उचलला, अंगठ्याने दाबून पाहिला.

"माल दणकट आहे हो. कुठे मिळतो?"

बाईंनी समोर बोट दाखवलं. चौघांतले दोघे तिथूनच बोळ ओलांडून गेले. उरलेल्या दोघांनी ओरिजिनलकडे न बघता आपापली पिशवी सावरली.

बाईंनी मोटर नव्या तारांनी भरून द्यायला सांगितली, आणि कपलर हाच बसवा म्हणाल्या.

"हा या दुकानात बसणार नाही," ओरिजिनल म्हणाला.

"मग आमचा मिक्सर तरी इथे कशाला बसेल?"

बाईंनी मिक्सर काखेत मारला. समोर साडूने त्यांच्यासाठी खुर्ची पुसली. अगदी सावकाश, इकडे बघत.