बिशपसाहेब आणि वजनकाटा

साउथहॅम्प्टनजवळच्या आमच्या केअर होममध्ये सगळे रिटायर्ड कॅथलिक पाद्री राहतात, आणि त्यांची नर्स मी, नागपूरची बौद्ध बाई! एवढं ऐकलं तरी मैत्रिणी खुर्च्या पुढे ओढतात. आठ वर्षांत इतके किस्से साठलेत की कुठला आधी सांगू ते कळत नाही. पण युक्रेनच्या बिशपसाहेबांचे सांगितल्याशिवाय मला कोणी उठू देत नाही.

साहेबांचं वय अठ्ठ्याहत्तर. शहरावर बॉम्ब पडत होते तेव्हा चर्चच्या तळघरात दीडशे माणसं सांभाळली, आणि शेवटी त्यांचं हृदयच बसलं. ऑपरेशनसाठी इकडे आणलं, मग आमच्याकडे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, परत कधी जाता येईल? डॉक्टरांनी अट घातली, पंचावन्न किलो भरा, मग जा. साहेब भरले एकोणपन्नास.

* * *

वजन वाढणार कसं? साहेब जेवायला बसत, पण चमचा उचलत नसत. सगळे म्हातारे पाद्री जेवले का, क्लीनर जेवली का, एकेकाची चौकशी. तोवर सूप गार. तळघरात शेवटचा वाडगा बिशपचा, ही त्यांची शिस्त होती.

एका पाहुण्याने फार गंभीर होऊन विचारलं, युद्धात बिशप म्हणून सर्वांत कठीण काय गेलं? साहेबांनी बराच विचार केला.

"सूप पुरवणं," ते म्हणाले.

* * *

एका रविवारी मी घरून वरणभात नेला. सगळ्यांना वाढून झालं, तरी साहेब थांबलेलेच. "तू?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आमच्याकडे वाढणारी शेवटी जेवते. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि वाट बघत बसले. मीही माझ्या आईची लेक! भात निवत चालला.

आमची स्वयंपाकीण मॉरीन बाहेर आली आणि तिने दोन ताटं समोरासमोर आपटली. "दोघंही शेवटचे ना? मग बसा एकदम."

त्या दिवसापासून माझा लंच ब्रेक साहेबांच्या टेबलावर.

* * *

जेवताना ते बोलत. तरुणपणी, सोव्हिएत राजवटीत, त्यांच्या चर्चवर बंदी होती, त्यामुळे साहेबांना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली ती कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, पडदे ओढून. दिवसा अँब्युलन्स चालवायची आणि गुपचूप प्रार्थना घ्यायची, अशी कित्येक वर्षं काढली. मी विचारलं, भीती नाही वाटायची?

"वाटायची ना. दीक्षेच्या वेळी गॅसवर दूध होतं. ते उतू गेलं असतं तर घरमालकीण संपूर्ण चर्चला बोलली असती."

* * *

मग एका सोमवारच्या वजनाला काटा एकदम दोन किलोने वर! मी खूश. पण झग्याचे खिसे जरा जास्तच लोंबत होते. हात घातला तर दोन जाडजूड प्रार्थनेची पुस्तकं. गळ्यात त्यांचा नेहमीचा पितळी क्रॉसही होताच, एरवी वजन करताना तो खुर्चीवर काढून ठेवत.

"साहेब, हे काय?"

"देवाचं वजन धरत नाहीत का इकडे?"

मॉरीनने सगळा ऐवज किचनच्या काट्यावर ठेवला. पुस्तकं दीड किलो, क्रॉस चारशे ग्रॅम. साहेबांचे कान लाल झाले. एवढे मोठे बिशप, पण वर्गात पकडलेल्या पोरासारखे उभे! मी रागावले, पण हसू आवरेना.

* * *

खरं सांगू? वजन वाढत गेलं तसं माझं खूश होणं कमी होत गेलं. माझे वडील गेले तेव्हा मी इथे होते. हा माणूस तरी डोळ्यांसमोर राहावा, असं मला वाटायचं. फोनवर रोज तळघरातली माणसं विचारत, ईस्टरला याल ना? साहेब माझ्याकडे बघत म्हणत, सिस्टरला विचारा.

ईस्टरसाठी काढलेल्या तिकिटाच्या तारखेआधीचा शेवटचा सोमवार. त्या दिवशी साहेबांनी स्वतःच पुस्तकं पलंगावर ठेवली, क्रॉस खुर्चीवर ठेवला, बूटही काढले. मोज्यांवर काट्यावर उभे राहिले आणि डोळे मिटले.

चोपन्न पॉइंट सहा.

"किती?" डोळे न उघडताच त्यांनी विचारलं.

मी खुर्चीवरचा क्रॉस उचलला आणि त्यांच्या गळ्यात घातला.

"पंचावन्न," मी म्हटलं.