काचेविना संक्रांत

११ जानेवारी १९६४, शनिवार. बुलढाणा.
सकाळी धुकं. दुधात पाणी; गवळ्याला बोलले, त्याने म्हशीची शपथ घेतली. तीळ निवडून झाले. दुपारी कासारीण आली. चष्मा ओसरीवर विसरला होता. वासंतीशी बोलणं झालं. पाटवडी उरली.

विमलबाईंची डायरी अशीच असे. नागपूरच्या कॉन्व्हेंटातल्या नन्सनी त्यांना लहानपणीच बजावलं होतं, की रोजनिशीत घडलेलं लिहावं, वाटलेलं लिहू नये. वाटलेलं देवाला सांगावं. आता तो देव नन्सचा, आणि त्याला मराठी कळत असेल याची विमलबाईंना कधीच खात्री वाटली नाही. त्यामुळे त्यांचं वाटलेलं कुठेच पोहोचलं नाही. नवरा गेला त्या दिवशीच्या पानावरसुद्धा एवढंच होतं: ‘चार वाजता गेले. शेजारून पिठलं-भात आला. खारट.’

घरात माणसं तीन. विमलबाई, कचेरीत कारकून असलेला मुलगा नीळकंठ, आणि अमडापूरहून लग्न होऊन आलेली सून वासंती. वासंती अबोल, कामाला चोख. अबोल सून ही गल्लीत फार नावाजण्याची गोष्ट असल्यामुळे ती का बोलत नाही, हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

कासारीण सिंधूताई बांगड्यांची पाटी घेऊन आली, की विमलबाई मागच्या खोलीत जात. रीतच तशी. सुवासिनी चुडा भरत असताना विधवेने समोर बसायचं नाही, तिच्या हाताला हात लावायचा तर नाहीच. या रिवाजावर विमलबाईंचा काडीचा विश्वास नव्हता, पण तेवढ्या वेळात निवांत वाचायला मिळतं म्हणून त्यांनी तो कधी मोडला नाही. एका चुलीपुढे बसणाऱ्या दोघी; एकीचे हात कोपराकडे चढत जाणाऱ्या काचेने भरलेले, आणि दुसरी त्या हातांकडे न बघायला शिकलेली. सुनेचं मनगट सासूने लग्नापासून धड पाहिलंच नव्हतं.

त्या शनिवारी चष्मा ओसरीवर राहिला. तो घ्यायला त्या बाहेर आल्या, डोळ्यांवर चढवला आणि समोर वासंतीचा मोकळा हात. मनगटाच्या आतल्या अंगाला ओरखडे होते. काही जुने, काही नवे. बांगडी फुटून चुकून लागतं, ते असं ओळीत लागत नाही.

सिंधूताईने घाईघाईने त्या हातावर पदर टाकला. “बाई, तुमी काऊन आल्या बाहेर? चुडा भरून राह्यली ना ते.”

हे तुला कधीपासून ठाऊक आहे, असं विमलबाईंनी विचारलं.

“आमी हात पाह्यतो, बाई. हाताची गोष्ट करत नाही. गोष्ट केली तं कोन मले पायरी चढू देईन?”

म्हणणं खरं होतं. विमलबाईंनी तिला दोन तिळाचे लाडू दिले आणि चुडा न भरताच वाटेला लावलं.

मग दोघी चुलीपुढे बसल्या. अशा वेळी काय करायचं असतं, हे विमलबाईंना माहीत नव्हतं. नन्सनी गुडघ्यांवर बसवलं असतं. मयत नवऱ्याने एरंडेल पाजलं असतं. त्यांचा एरंडेलावर देवापेक्षा जास्त भरवसा होता. विमलबाईंनी आमटीत मीठ पडलंय का असं विचारावं तसं सरळ विचारलं, “मरायचं आहे का तुला?”

“नाही, आत्याबाई.” वासंती चुलीतल्या निखाऱ्यांकडे बघत होती. सासूला ती आत्याबाई म्हणे. “मराचं नाही. सकाळी उठली का छातीवर कोनी जातं ठेवल्यावानी वाटते. सारं सुन्न. मंग ते केलं का घडीभर मोकळं वाटते. मंग लाज वाटते. मंग पुन्हा जातं.”

“पण कारण काय?”

“कारन असतं तं सांगतलं नसतं का? तुमी समदे चांगले हा. हेच तं वाईट हाय.”

विमलबाईंनी सुनेचा हात हातात घेतला आणि पोळ्यांची वेळ होईपर्यंत सोडला नाही.

चूक झाली ती संध्याकाळी. त्यांनी नीळकंठला सांगितलं. नीळकंठ वाईट मुलगा नव्हता, पण कचेरीने त्याला एकच विद्या शिकवली होती: आलेला कागद पुढे पाठवायचा. त्याने बायकोचं दुखणं देऊळघाटच्या काकांकडे पाठवून दिलं.

रविवारी काका, म्हणजे भगवानराव, हजर. सोबत सुगडांसाठी ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे, आणि मत. पोरीला कुणाची तरी नजर लागली आहे. नसेल तर ती पुस्तकं वाचते. नसेल तर एक मूल झालं की सगळं ताळ्यावर येतं. तिन्ही कारणं एकाच दमात सांगून झाल्यावर त्यांनी वासंतीला देवापुढे उभं केलं आणि ‘पुन्हा करणार नाही’ म्हणून बेलभंडारा उचलायला लावला. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन केलेली शपथ कुणी मोडत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. त्यांची स्वतःची तंबाखू त्याच शपथेवर तीनदा सुटली होती.

भोगीच्या सकाळी वांगी चिरताना वासंतीने हळूच सांगितलं, की काल पुन्हा झालं. आधी नुसती लाज होती. आता देवाची शपथ मोडल्याचं पापही आलं.

ही बातमी काकांपासून लपली नाही. त्यांनी निकाल दिला: संक्रांत झाली, की पोरीला अमडापूरला पोचवायची. सुधारली तर आणू. नीळकंठ मान खाली घालून हो म्हणाला.

“तिथं माह्याशी कोनी बोलत नाही, आत्याबाई,” वासंती मागच्या दारी म्हणाली. “मागच्या खोलीत ठेवतीन मले. मले माहंच भेव वाटते.”

विमलबाईंनी वांगी तशीच ठेवली, पायात चपला घातल्या आणि सुनेला घेऊन दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. तिथे रांगेत बसल्या असताना शेजारच्या बाईने विचारलं, की काय होतं पोरीला. विमलबाई म्हणाल्या, दुखतं. कुठे, तर म्हणाल्या, तेच विचारायला आलोय.

डॉक्टरीणबाईंनी वासंतीचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये न बोलता. मग म्हणाल्या, की हे नाटक नाही आणि भूतही नाही, हा मनाचा आजार आहे. आतलं दुखणं सांगता येत नाही, तेव्हा माणूस ते असं स्वतःच्याच अंगावर उमटवतं. रागावू नका, शपथा घालू नका, घरातली काच काही दिवस हाताशी ठेवू नका. तो झटका लाटेसारखा चढतो आणि उतरतो. उतरेपर्यंत तिने कुणाला तरी सांगावं, तिला एकटीला सोडू नये आणि हाताला दुसरं काम द्यावं. मरणाचे विचार आले तर त्याच पावली इकडे यायचं. एरवी दर सोमवारी. टॉनिकही दिलं, कारण टॉनिक न देणाऱ्या डॉक्टरकडे बुलढाण्यात कुणी दुसऱ्यांदा जात नाही.

घरी येऊन वासंतीच्या हातात काच म्हणून जी उरली होती, ती विमलबाईंनी साबण लावून एकेक उतरवली. पाटल्या तेवढ्या ठेवल्या. भगवानराव ओसरीवरून उठून उभे राहिले.

“वहिनी, सवाशिनीचा हात रिकामा? नीळकंठाच्या जिवावर उठल्या का तुमी?”

“भाऊजी, नीळकंठ ठणठणीत आहे. आताच तीन भाकरी खाल्ल्या त्याने.”

खरी परीक्षा मंगळवारी होती. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला सारी गल्ली येणार, आणि बायका आधी हात बघतात, तोंड नंतर. वासंती म्हणाली, ताप आला सांगा. विमलबाई म्हणाल्या, तुला हवं तर सांगते, पण लपलीस तर भाऊजींचंच खरं होईल; अमडापूरचा रस्ता याच ओसरीवरून जातो. वासंती काळी साडी नेसली आणि कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर गेली.

पहिल्याच कुंकवाला शेजारच्या पुष्पाबाईंनी तिचा हात धरून ठेवला. “काय हो बाई, काच नाही? नीळकंठराव बरे आहेत ना?”

सगळ्या थांबल्या. एवढ्यात मागच्या खोलीचा पडदा सरला आणि त्या खोलीतच बसायचा नियम असलेल्या विमलबाई बाहेर येऊन बैठकीच्या मधोमध बसल्या.

“तिची तब्येत बरी नाही, पुष्पाबाई. डॉक्टरांनी काच घालू नको सांगितलंय. आणि नवऱ्याच्या जिवाचं म्हणाल, तर हे होते तोवर मी एक बांगडी हातातून उतरू दिली नाही. त्यांना कुणी ते सांगितलेलं दिसत नाही.”

कुणाला हसावं की कानांवर हात ठेवावेत ते कळेना. कोपऱ्यात म्हाताऱ्या रुखमाबाई तिळगूळ चघळत होत्या. त्या म्हणाल्या, “मी तं कोपरापरेंत भरतो बाई, तरी बुढा खोकूनच राह्यला.”

मग हसू फुटलं ते आवरेना. पुष्पाबाईंनी वासंतीचा हात सोडला, नाही, सोडण्याआधी तो जरासा दाबला, आणि वाणासाठी पदर पुढे केला.

ओसरीवर नीळकंठने सगळं ऐकलं होतं. आत डोकावून त्याने बायकोकडे पाहिलं. आणि तिच्या मनगटाकडेही, बहुधा पहिल्यांदाच. मग म्हणाला, “काका, वासंती अमडापूरला जाणार नाही. सोमवारी दवाखान्यात मी नेईन तिला.” उभ्या नोकरीत पहिल्यांदा त्याने कागद पुढे न पाठवता स्वतः शेरा मारला होता. भगवानराव उरलेला ऊस घेऊन देऊळघाटला गेले.

यापुढे सगळं छान झालं, असं म्हणण्याचा मोह आहे, पण तसं झालं नाही. काही दिवस बरे जात, काही फुकट. एकदा पुन्हा झालं. वासंतीने ते आपण होऊन सांगितलं, विमलबाईंनी हळद लावली, शपथ घातली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी वासंती मागच्या दारातून आली आणि म्हणाली, “आत्याबाई, आलं.”

विमलबाईंनी पुस्तक मिटलं. ट्रंकेतून थोरली गोधडी काढली. ती स्वच्छच होती, हे दोघींनाही माहीत होतं. हौदाशी नेऊन भिजवली आणि मोगरीने धोपटायला सुरुवात केली. दमली की एकीने मोगरी दुसरीला द्यायची. पाणी अंगभर उडालं. वासंती रडत होती, पण हात थांबला नव्हता. मग स्वतःची पाळी आली तेव्हा विमलबाई मोगरी हाणत एकदम म्हणाल्या, “हे गेले ना, त्या दिवशी मला राग आला होता.”

वासंतीने विचारलं, “कोनाचा?”

“आधी त्यांचा. मग त्या पिठल्याचा.”

वासंतीला रडता रडता ठसका लागला, आणि तो ठसका हसण्याचा होता. जातं उतरलं का, असं विमलबाईंनी विचारलं. थोडं, असं ती म्हणाली. थोडं तर थोडं. दोघींनी गोधडीची दोन टोकं धरून पीळ घातला.

संध्याकाळी विमलबाई डायरी घेऊन बसल्या. दुपारचं लिहावं असं त्यांच्या मनात आलं. टाक दौतीत बुडवला, आणि सवयीने लिहिलं: ‘थोरली गोधडी धुतली. वाळली नाही. उद्या पुन्हा उन्हात टाकायची.’